घोट्यावरची खाज आणि हातांची सवय : कामाच्या नोंदी

आधी काम काय आहे ते. डाव्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूला मोठा चट्टा, मानेमागे केसांच्या कडेला दुसरा, लहान. त्वचारोगतज्ज्ञांचं निदान लायकेन सिम्प्लेक्स क्रॉनिकस, म्हणजे एकाच जागी वर्षानुवर्षं खाजवून जाड, काळपट आणि खरखरीत झालेली कातडी. सहा आठवड्यांहून जास्त टिकलेल्या खाजेला डॉक्टर जुनाट म्हणतात. माझी त्याच्या फार पुढे गेली आहे. मलमाने दरवेळी आराम पडतो आणि मलम थांबलं की चट्टा परत तयार होतो. या वेळी मलमाच्या जोडीने खाजवण्याच्या सवयीवर काम करायचं आहे, एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली. अशीच खाज सोसणाऱ्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून या नोंदी.

६ जानेवारी

सवयीच्या कामाला हात घालण्याआधी शरीराच्या तपासण्या पूर्ण केल्या. हा टप्पा कुणी वगळू नये. मूत्रपिंडाचा जुनाट आजार, पित्त अडवणारे यकृताचे विकार, थायरॉईड, लोहाची कमतरता, रक्ताचे काही आजार यांत कातडीवर काहीही दिसत नसताना अंगभर खाज सुटू शकते. खरजेची खाज रात्री वाढते आणि घरात इतरांनाही सुरू होते. वजन आपोआप उतरणं, रात्री घामाने भिजणं, डोळे पिवळे दिसणं यांतलं काही असेल तर सवयीचे व्यायाम करत बसू नये, थेट डॉक्टरांकडे जावं.

माझे अहवाल ठीक आले. अहवाल ठीक म्हटल्यावर ‘मग हे मनाचंच आहे’ असं तोंडावर सांगणारे भेटतात. मला ते फार लागतं, कारण ते खरं नाही. चट्ट्यातल्या मज्जातंतूंची टोकं खरोखर चाळवलेली असतात. नखांनी तिथली कातडी फाटते, दाह वाढतो, दाहामुळे खाज वाढते आणि हात पुन्हा तिथे जातो. या चक्रात जिथे मला शिरता येईल अशी एकच जागा आहे, ती म्हणजे हात. जर्मन वैद्य सामुएल हाफेनरेफर यांनी १६६० मध्ये केलेली खाजेची व्याख्या आजही दिली जाते: खाजवण्याची इच्छा निर्माण करणारी अप्रिय संवेदना. इच्छा व्याख्येतच आहे. इच्छा झाली की हात गेलाच पाहिजे, असं मात्र त्यात नाही. पुढचं सगळं काम या फटीतलं आहे.

९ जानेवारी

मोजणी सुरू. दर तासाला मोबाईलचा गजर, खाजेला ० ते १० पैकी गुण, जागा, त्या वेळी काय चाललं होतं, मन कसं होतं. तक्ता स्वतः आखला. भरपूर माहिती जमेल असं वाटतंय.

१७ जानेवारी

तासातासाचा तक्ता बंद. माहिती जमली, पण खाज वाढली. गजर वाजला की लक्ष घोट्यावर जातं आणि मघापर्यंत नसलेली खाजही तिथे सापडते. कामात बुडालेले असताना ३ असलेला आकडा तक्ता भरायला थांबले की ६ होतो, आणि ६ झाला की हात उठतो.

सायकॉलॉजिस्टना तक्ता दाखवला तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. नीमायर, कुप्फर आणि गीलर या जर्मन संशोधकांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेलं एक निरीक्षण त्यांनी सांगितलं. खाजेवर जाहीर व्याख्यान ठेवलं, पडद्यावर पिसवा, किडे, ओरखडलेली कातडी अशी चित्रं दाखवली आणि श्रोत्यांचं चित्रीकरण केलं. ती चित्रं चालू असताना लोक जास्त खाजवू लागले. शांत, मऊ चित्रं लागल्यावर ते कमी झालं. मी रोज तासातासाला तेच व्याख्यान स्वतःला देत होते.

“तुम्ही खाज मोजू नका, हात मोजा,” त्या म्हणाल्या. म्हणून नवी पद्धत: सकाळी एकदाच, मागच्या २४ तासांतली सर्वांत वाईट खाज किती, एवढा एकच आकडा. बाकी दिवसभर मोजायचं ते खाजवणं.

२० जानेवारी

बोटात अडकवायचा, बटण दाबलं की आकडा पुढे सरकणारा छोटा काउंटर घेतला. हात चट्ट्याला लागला की एक दाब. कपड्यावरून चोळलं तरी मोजायचं, नुसतं कुरवाळलं तरी मोजायचं. अजून काहीही थांबवायचं नाही, फक्त मोजायचं.

पहिल्या दिवशीचा आकडा पाहून हबकले. कुणी विचारलं असतं तर मी पाचदहा वेळा म्हणाले असते. काउंटर शंभराच्या पुढे होता. यातल्या बहुतेक वेळी खाज जाणवलेलीसुद्धा नव्हती. हात आपले आपणच जातात.

२८ जानेवारी

नुसत्या मोजणीनेच आकडा उतरला आहे. सायकॉलॉजिस्ट म्हणाल्या की हे अपेक्षित आहे, पण एवढ्यावर तो टिकत नाही. आता यादी तयार आहे. हात कधी जातो: फोनवर बोलताना, वाचताना, पडद्याकडे एकटक बघताना, मोजे काढल्याबरोबर, आंघोळीनंतर अंग पुसताना, शौचालयात, कुणाची वाट पाहताना. आणि कुणी मनाविरुद्ध बोललं की मान.

मोजे काढतानाचं खाजवणं वेगळ्या जातीचं आहे. ते जाणूनबुजून केलेलं आहे, दिवसभर राखून ठेवलेलं. त्यात सुख आहे. हे लिहायला संकोच वाटतो, पण खाजवण्यात सुख मिळतं हे मान्य केल्याशिवाय ते सुटत कसं नाही याचा उलगडा होणार नाही. बेसावध खाजवणं आणि ठरवून खाजवणं यांना वेगवेगळे उपाय लागणार.

३० जानेवारी

मुठीचा व्यायाम सुरू. ही पद्धत मुळात १९७३ मध्ये ॲझ्रिन आणि नन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी अंगविक्षेप आणि चाळ्यांच्या सवयींसाठी मांडली. १९८०च्या दशकात स्वीडनमध्ये नोरेन आणि मेलिन यांनी ती एक्झिमाच्या, म्हणजे इसबाच्या रुग्णांवर, स्टेरॉईड मलमाच्या जोडीने वापरली. कृती साधी आहे. हात निघाला हे लक्षात आलं की दोन्ही हात अंगालगत घेऊन मुठी घट्ट आवळायच्या, मनात ३० पर्यंत मोजायचं. त्यानंतरही खाज उरली तर त्या जागी चिमटा घ्यायचा किंवा नखाने नुसतं दाबून धरायचं. घासायचं नाही.

कारण विचारलं तर उत्तर असं मिळालं: ‘खाजवू नकोस’ ही आज्ञा हाताला पाळता येत नाही, कारण तिच्यात हाताला करायला काहीच नाही. मूठ आवळलेला हात खाजवू शकत नाही, आणि मूठ आवळणं हे करता येण्यासारखं काम आहे.

रोज सकाळी आरशासमोर कोरडा सरावही करते: खाज नसताना हात मानेकडे न्यायचा, वाटेत थांबवायचा, मूठ. वेळ आल्यावर आठवावं म्हणून.

६ फेब्रुवारी

मानेचा आकडा झपाट्याने खाली. घोट्याचा जागचा हलत नव्हता, आणि कातडी तर जास्तच लाल. हात मुठीत असताना घोटा खाजवतंय कोण?

उजव्या पायाची टाच. टेबलाखाली बसल्या बसल्या टाचेने घोटा घासला जातो, कधी खुर्चीच्या पायावर घोटा घासला जातो. माझ्या लक्षात हे कधी आलं नव्हतं; मुलीने पाहिलं. पायांच्या चट्ट्यांवर काम करणाऱ्यांनी हे पहिल्या दिवसापासून तपासावं, नाहीतर काउंटर खोटा बोलत राहतो.

उपाय: टाच निघाली की दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकवून ३० मोजेपर्यंत जोराने दाबायचे. मुठीचंच पायासाठीचं रूप. शिवाय बसताना पायांखाली एक ठोकळा ठेवला, त्यामुळे पाय एकमेकांपासून लांब राहतात. नखाने दाबण्याचा भागही घोट्यासाठी बदलला. जाड झालेली कातडी नखाखाली चिरते. तिथे बोटाचं पेर टेकवून दाबते, किंवा फ्रिजमधली थंड पट्टी कापडात गुंडाळून ठेवते. गारव्याने खाजेचा संदेश दबतो. गरम पाण्याच्या धारेनेही क्षणभर विलक्षण बरं वाटतं, पण कातडी कोरडी पडते आणि तासाभरात दामदुपटीने वसुली होते. ते पूर्ण बंद.

११ फेब्रुवारी

आज घरच्यांशी बोलले. दिवसभर ‘अगं, हात!’, ‘आई, परत?’ ऐकत होते. दोघांच्या मनात काळजीच आहे. पण प्रत्येक टोकणीबरोबर आधी शरम वाटते, मग चीड येते, आणि त्या चिडीत मी बाथरूमचं दार लावून मनसोक्त खाजवते. शिवाय टोकण्यामुळे लक्ष पुन्हा चट्ट्यावरच येतं.

ठरलं असं: खाजवताना दिसले तर दोघांनी काही बोलायचं नाही, बघायचंही नाही. मुलीने विचारलं, “मग मी काहीच करायचं नाही का?” तिला काम दिलं. आई गप्प बसून फोनकडे बघत असेल तर काहीतरी विचार, काही हातात दे. खाजेवर बोलायची वेळ दिवसातून एकच, रात्री जेवणानंतर, आणि तीही थोडकी. नवऱ्याला गप्प बसणं जड जातंय. पण आज त्याने ‘हात’ म्हणण्याऐवजी माझ्या हातात घड्या घालायचे कपडे दिले, आणि ते अचूक होतं.

२३ फेब्रुवारी

शिथिलीकरणाने घोर निराशा केली, म्हणून इथे सविस्तर लिहिते. अमेरिकी वैद्य जेकबसन यांची स्नायू आवळून सोडण्याची पद्धत शिकवली गेली होती: अंधाऱ्या खोलीत आडवं पडायचं, डोळे मिटायचे, पायापासून सुरुवात. इतरांना झोप लागते म्हणे. मला अंगावरची प्रत्येक खाज ठळक ऐकू यायला लागली. बाहेरचं सगळं बंद केल्यावर लक्षाला जायला दुसरी जागाच उरत नाही.

तीन बदल केले. रात्रीऐवजी दुपारी, आडवं न होता खुर्चीत बसून, डोळे उघडे. सुरुवात पायांऐवजी हात आणि खांद्यांपासून, घोटा पूर्ण वगळून. तिसरा बदल सायकॉलॉजिस्टनी सुचवला आणि तो सर्वांत कामाचा ठरला. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ शुल्ट्झ यांच्या ऑटोजेनिक प्रशिक्षणात, म्हणजे स्वतःला सूचना देत अंग शिथिल करायच्या पद्धतीत, ‘हात जड होतोय, हात उबदार होतोय’ अशी वाक्यं मनात म्हणायची असतात. ऊब म्हणजे खाजेला आमंत्रणच. ते वाक्य गाळून ‘कातडी शांत आहे, गार आहे’ असं घेतलं. खाज ७ वर असताना याचा काडीचा उपयोग होत नाही. पण कामाचा ताण चढत असताना, खाज सुटण्याआधी केलं तर संध्याकाळ बरी जाते.

४ मार्च

रात्रीचा हिशोब वेगळा मांडावा लागणार. झोपेत मूठ आवळता येत नाही. रात्री कातडीचं तापमान वाढतं, तिच्यातून पाणी जास्त उडतं, दाह आवरणारं कॉर्टिसॉल कमी झालेलं असतं. झोपेतलं खाजवणं उथळ झोपेत जास्त होतं, आणि खाजेमुळे झोप उथळ होते. मनाचे उपाय इथे पुरे पडत नाहीत, हे स्वीकारून बाहेरच्या गोष्टी केल्या: नखं मुळापर्यंत कापून कानशीने घासलेली, सुती हातमोजे, पायात सैल सुती मोजा, झोपण्याआधी जाड थर मॉइश्चरायझर, पांघरूण हलकं, खोली गार.

हातमोजे झोपेत काढून फेकले जातात. मनगटाशी सैल पट्टी बांधल्यावर टिकले.

जाग आल्यानंतर मात्र मनाचं काम सुरू होतं. पूर्वी अंथरुणात पडून खाजेशी झुंजायचे, घड्याळ बघायचे, उद्याचा दिवस गेला असा हिशोब करायचे, शेवटी उठून रक्त येईपर्यंत खाजवायचे. आता नियम: खाजेने जाग आली आणि ती उतरत नसेल तर उठायचं. थंड पट्टी, मॉइश्चरायझर, मंद उजेडात हाताने करायचं काही काम, माझ्यासाठी विणकाम. डोळे जड झाले की परत. घड्याळ खोलीबाहेर. पहिल्या काही रात्री झोप आधीपेक्षाही कमी झाली आणि दिवसा डोकं जड राहिलं. नंतर सुधारली. ही किंमत आधी माहीत असती तर महत्त्वाच्या कामांच्या आठवड्यात सुरुवात केली नसती.

१५ मार्च

खाजेच्या क्षणी मनात कोणती वाक्यं येतात ती लिहून काढली. ‘हे कधीच जाणार नाही.’ ‘एकदा खाजवलं की सुटले.’ ‘सगळे माझ्या पायाकडेच बघतायत.’ ‘आज एवढं खाजवलंच आहे, आता काय फरक पडतो.’

सकारात्मक वाक्यांनी ती झाकायचा प्रयत्न टिकला नाही. खाज १० पैकी ८ असताना ‘मी ठीक आहे’ हे मला स्वतःलाच खोटं वाटतं. जे टिकलं ते फक्त अचूक वाक्य. ‘कधीच जाणार नाही’ च्या जागी ‘मागची मोठी खाज काही मिनिटांत उतरली होती, वहीत आहे.’ ‘आता काय फरक पडतो’ हे वाक्य सर्वांत घातक निघालं. एकदा हात गेला की त्याच्या आधारावर अर्धा तास जातो. त्याच्या जागी: ‘पुढची मूठ तरीही मोजली जाईल.’ वहीत आता दुसरा रकानाही आहे, आवळलेल्या मुठींचा. खाजवल्याचा आकडा एकटा असला की वही उघडावीशी वाटत नव्हती.

२२ मार्च

ठरवून खाजवण्याचा प्रश्न, म्हणजे मोजे काढतानाचा. इथे मूठ चालत नाही, कारण मला थांबायचंच नसतं. त्यासाठी सामोरं जाण्याचा सराव दिला. मुद्दाम मोजे काढायचे, घोटा उघडा ठेवायचा, काही करायचं नाही, टायमर लावायचा. खाज चढू द्यायची आणि तिचं वर्णन मनात करत राहायचं: टोचतेय, जळतेय, वरच्या कडेला जास्त, आता पसरली, आता बोथट झाली. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत १०२ प्रौढ एक्झिमा रुग्णांवर १२ आठवड्यांच्या इंटरनेटवरून दिलेल्या वर्तनोपचाराचा अभ्यास झाला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही सजगता आणि असं सामोरं जाणं हाच गाभा होता, आणि लक्षणं तुलनेच्या गटापेक्षा जास्त कमी झाली.

माझा अनुभव: पहिल्या वेळी तीन मिनिटंही असह्य झाली. वर्णन करायच्या ऐवजी मी दात आवळून टायमर संपायची वाट बघत होते, आणि तो वाजताच खाजवलं. म्हणजे टायमर खाजवण्याची परवानगी झाला. मग टायमरचं टोक बदललं: वाजल्यावर लगेच मॉइश्चरायझर लावायचं, मोजा चढवायचा आणि खोली सोडायची. तेव्हापासून हा सराव लागू पडायला लागला. खाज आपण काहीही न करता चढते आणि उतरते, हे वाचून पटलं नव्हतं. पायावर बघून पटलं.

३० मार्च

आरशाचा प्रयोग. जर्मनीतल्या लुबेकच्या हेल्मखेन या संशोधकांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं होतं की खाज एका हाताला असताना आरसा असा धरला की दुसरा हात त्याच्या जागी दिसतो, आणि तो निरोगी हात खाजवला, तरी खाज थोडी कमी होते. घोट्यांवर करून पाहिलं. क्षणभर फरक जाणवला. पण आरसा लावायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मूठ होऊन जाते, आणि खाजवण्याची हालचाल तर चालूच राहते, जी मला मोडायची आहे. सोडून दिलं.

१२ एप्रिल

चट्टा डोळ्यांना जवळपास दिसेनासा झाला. मलम बंद करावं का, हे विचारायला गेले. त्वचारोगतज्ज्ञांनी डोळ्यांऐवजी बोटं वापरली: चट्टा चिमटीत धरला, मग शेजारची कातडी चिमटीत धरली. “तुम्हीच बघा.” घोट्याची चिमूट स्पष्ट जाड होती. वरून बरी दिसणारी कातडी आत अजून बरी होत असते, आणि तेवढ्यात थांबलं की थोड्याशा खाजवण्याने सगळं पुन्हा उभं राहतं. आधीच्या प्रत्येक वेळी मलम मी याच टप्प्यावर सोडलं होतं. आता ते सांगतील त्या वेळापत्रकाने कमी करायचं.

एलर्स, स्टांगियर आणि गीलर यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत मनाचे उपचार घेतलेल्या एक्झिमा रुग्णांची कातडी वर्षभरानंतर जास्त सुधारलेली होती आणि त्यांना स्टेरॉईड मलम कमी लागत होतं. दोन्ही उपचार एकमेकांच्या जागी वापरायचे नसतात. मलम कातडीला सावरायला वेळ देतं, आणि मूठ तो वेळ वाया जाऊ देत नाही.

२७ एप्रिल

घसरण. ऑफिसात महत्त्वाचं काम अंगावर आलं, झोप तुटली, आणि मानेकडे हात जायला लागला. घोटा शाबूत. दोन दिवस ‘आता काय फरक पडतो’ चाललं. मग काउंटर पुन्हा बोटात घातला, बाकी काही न बदलता नुसता घातला. आठवड्याच्या शेवटी मानेचा आकडा पूर्वीच्या ठिकाणी आला. म्हणजे घसरणीला पहिला उपाय मोजणी. मूठ तिच्या मागोमाग आपोआप येते.

१८ मे

सकाळचा आकडा बहुतेक दिवस २ किंवा ३. सुरुवातीला ८ असायचा. खाज गेलेली नाही. आंघोळीनंतर आणि तणावात ती अजून येते. घोट्याची चिमूट शेजारच्या कातडीएवढी झाली आहे, रंग मात्र काळपटच आहे, आणि तो उतरायला बराच काळ लागेल असं डॉक्टरांनी सांगितलंय. मलम आता आठवड्यातून दोनदा, मॉइश्चरायझर रोज दोनदा. काउंटर महिन्यातून एक दिवस, नुसता तपासणीसाठी. पुढच्या भेटीत विचारायच्या दोन गोष्टी वहीत लिहून ठेवल्यात: मानेवर मलम किती दिवस चालवायचं, आणि प्रवासात हातमोज्यांशिवाय रात्र कशी काढायची.